माळेला उत्तर देणारा माणूस

३ ऑक्टोबर

मोलोला सुखरूप पोचलो. जीपमधून उतरलो तेव्हा फाटकाशी नेनिंग उभी होती. ती इथली स्वयंपाकीण. माझी पेटी बघून, थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारून म्हणाली, "मानोंग आन्सेल्मो, लग्न करून आलात की काय एवढं सामान घेऊन?" मला हसू आलं. नव्या जागी पहिल्या घटकेलाच हसू यावं, हा शुभशकुनच.

घर मुलांनी कॅनडाहून पैसे धाडून बांधलेलं. वरच्या खोल्यांतल्या गाद्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही. मालकीणबाईंना सगळे नानाय म्हणतात. आईला मारावी तशी हाक, म्हणून मीही तीच मारतो. त्यांना वारलेल्या यजमानांची, इसिद्रोंची, मुलांची, नाताळांची जुनी घरगुती चित्रणं काँप्युटरवर उतरवून हवी आहेत. बिस्किटांच्या डब्यांत नुसत्या डीव्हीडी भरल्या आहेत. नाताळला धाकटा मुलगा बायको आणि तान्ही मुलगी घेऊन येणार. तेव्हा सगळ्यांनी मिळून बघायच्या.

चर्चशेजारच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात हे काम मी पुष्कळ केलं आहे. पण नानायनी कामाचं काहीच विचारलं नाही. घरी कोण असतं, मुलगी जोव्हेलिन बाळंतीण होऊन किती झालं, नात अंगावर नीट पिते का, हे विचारलं. मग मी रोज मरियेच्या प्रार्थनांची माळ म्हणतो का, हे विचारलं. म्हटलं, लहानपणापासून, त्याशिवाय झोप येत नाही. तेव्हा त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नातीसाठी, मायुमीसाठी, हाताने विणलेलं दुपटं दिलं.

देवभीरू घर मिळालं. परमेश्वरा, तुझे उपकार.

५ ऑक्टोबर

काम शांतपणाचं आहे. आधी मऊ फडक्याने डीव्हीडी मधून कडेकडे पुसायची. गोल गोल पुसली की चरे वाढतात. मग ती यंत्रात सरकवायची आणि वाट बघायची. उतरवून झालं की नक्कल सबंध बघायची, आवाजासकट. ही नानायची सक्त ताकीद. आधी आलेल्या दोन पोरांना त्यांनी त्यावरूनच काढलं, असं नेनिंग सांगते. एक कानात गाणी लावून बसायचा, दुसरा चित्रण पुढे पळवायचा.

मला बघायला आवडतं. परक्यांची बारशी, वाढदिवस, भाजलेलं डुक्कर, खुर्च्यांवरून पळणारी पोरं. इसिद्रो सगळीकडे आहेत. हसरा माणूस. मांडीवर कायम कुणाचं तरी लेकरू. आई घ्यायला हात पुढे करते, ते पाठ फिरवतात. ती दुसऱ्या बाजूने येते, ते पुन्हा फिरतात. सगळे हसतात. लेकरू रडतं.

१२ ऑक्टोबर

आज जेवणानंतर नानायनी स्वतः एक डीव्हीडी आणून दिली. इसिद्रोंच्या जागरणाची, पुरण्याआधी लोक मयताशेजारी रात्रभर बसतात त्याची. मुलांना तेव्हा परदेशातून येता आलं नाही, म्हणून चित्रण करवून घेतलेलं. मयताची पेटी याच दिवाणखान्यात, आता जेवणाचं टेबल आहे तिथे. पांढरे दिवे, पत्ते खेळणारे शेजारी, कॉफी, बिस्किटं. इसिद्रो पांढऱ्या बारोंग सदऱ्यात, नाकपुड्यांत कापूस.

मग एका म्हातारीने माळ सुरू केली आणि तिची ओळ संपली की लोक 'पवित्र मरिये' म्हणत उत्तर देऊ लागले. माझे ओठ आपोआप हलले. मेलेल्यासाठी चाललेली प्रार्थना कानावर पडावी आणि माणसाने गप्प बसावं, हे माझ्याने होत नाही. सबंध माळ मी त्यांच्याबरोबर म्हटली.

वळून बघतो तो नानाय दारात. डोळे भरलेले. म्हणाल्या, किती वर्षांनी कुणीतरी त्यांना उत्तर दिलं. उद्या मायुमीचा बाप्तिस्मा आहे हे त्यांना ठाऊक होतं. आत्ताच निघा म्हणाल्या. रिक्षावाल्याला त्यांनीच बोलावलं आणि बजावलं की मानोंगना वाटेत कुठे थांबवू नको, थेट घरी सोड.

इतकी माया परक्या माणसावर कोण करतं?

१४ ऑक्टोबर

परत आलो. बाप्तिस्मा छान झाला. फक्त मायुमी.

मी उंबरा ओलांडला आणि ती गप्प झाली. डोक्यावर पाणी पडलं तरी रडली नाही. दूध घेत नाही. माझ्या मागे कुठेतरी बघत राहते. जोव्हेलिन म्हणाली, "ताताय, तुमच्या मिशांना भ्यायली ती, काढून टाका एकदाच्या." हसत म्हणाली, पण चेहरा उतरलेला. जावई बोटीवर, घरात ती एकटीच.

समारंभ माझ्या फोनवर टिपला आहे. काँप्युटरवर घालून नीट जपून ठेवीन.

१५ ऑक्टोबर

फोनमधलं चित्रण उतरवलं आणि बघितलं.

चर्चच्या दारात, लोकांच्या मागे, पांढरा बारोंग. मग पाण्याच्या कुंडाशी. मग आमच्या घरात, जेवणाच्या वेळी, पाळण्याजवळ. त्याच्याकडे कुणीही बघत नाही. शेवटी तो बसलेला आहे आणि मायुमी त्याच्या मांडीवर. जोव्हेलिन पाळण्यात हात घालते आहे. तो पाठ फिरवतो.

नाकपुड्यांत कापूस.

जोव्हेलिनला फोन केला. मायुमी तेव्हा पाळण्यातच होती, म्हणाली. अजून प्यायलेली नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही.

१६ ऑक्टोबर

जागरणाहून थेट घरी जायचं नसतं. वाटेत कुठेतरी टेकायचं, दुकानात, टपरीवर. मागे लागलेलं तिथे झटकून यायचं. हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. पण पडद्यावरचं जागरण हे जागरण, असं कुणाच्या मनात येईल?

नेनिंगच्या मनात होतं. माशांचे खवले काढता काढता तिने सांगून टाकलं. इसिद्रोंना पुरलं त्याच्या पुढच्या वर्षी थोरल्याचं मूल या घरात असंच दूध सोडून दगावलं. ज्यांच्या दिवाणखान्यातच पेटी होती, त्यांनी वाटेत थांबायचं तरी कुठे? तेव्हापासून मुलं इकडे फिरकली नाहीत. इसिद्रोंना इथून बाहेर न्यायचं, तर जागरणाला पाहुणा हवा. आधीची ती दोन पोरं ना धड बघत, ना ऐकत. "तुम्ही उत्तर दिलंत, मानोंग. देवभोळ्या माणसाला आमंत्रणसुद्धा लागत नाही," म्हणाली आणि खवले झटकले.

मी नानायच्या पाया पडलो. त्या आरशासमोर केसांना रंग लावत होत्या. लावत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्हाला नात आहे, तशी मलाही आहे की. माझी विमानाने येतेय."

मी विचारलं, यावर उपाय काय. त्या म्हणाल्या, उपाय झाला.

१७ ऑक्टोबर

जागरणातून निघाला तो जागरणातच परत येईल, असं वाटून सकाळी ती डीव्हीडी पुन्हा लावली. माळेला पुन्हा उत्तर देत बसलो. मध्येच फोन वाजला. जोव्हेलिन हसत होती, रडत होती. मायुमी प्यायली! पोटभर!

चित्रण संपलं. मी उठलो, पाणी प्यायलो. पुन्हा फोन. तोंड फिरवलं तिने.

म्हणजे जागरण चालू आहे तोवर तो इथे, पेटीत. मी उत्तर देतो आहे तोवर.

पुन्हा लावलं. उठत नाही.

१८ ऑक्टोबर

नेनिंगने ताट उचलून नेलं. नानायची आज्ञा. त्यांना मी घरी जायला हवा आहे— मला, आणि त्याला.

वीज घालवली त्यांनी. मला सगळं तोंडपाठ आहे, म्हातारीच्या ओळीसुद्धा. अंधारलेल्या पडद्यासमोर म्हणत राहिलो. जोव्हेलिनचा निरोप आला, पिते आहे. मग वीज परत आली.

घसा बसला आहे. कुजबुजलं तरी चालतं. बोलता येत नाही. बोललो की उत्तर चुकतं. म्हणून हे लिहितो. हात मोकळा आहे.

१९ ऑक्टोबर

नानाय फोनवर. केवढा गोड आवाज. "वडलांचं डोकं फिरलंय गं पोरी. जेवत नाहीत. येऊन घेऊन जा. बाळालाही आण, नातीला बघून उठतील."

ओरडावंसं— एक उत्तर चुकलं. पेटीच्या झाकणाची काच— त्याने मान वळवली.

पवित्र मरिये. पवित्र मरिये. पुन्हा सरळ झाला.

माझा फोन नेनिंगने नेला. हसत नव्हती. म्हणाली, मलाही याच घरात राहायचंय, मानोंग.

२० ऑक्टोबर

फाटक वाजलं.

नानाय म्हणते, ये गं ये, किती गोड आहे, दुपटं शोभतंय—

जोव्हेलिन आली. ताताय म्हणाली. मान हलवली मी. ओठ थांबवता येत नाहीत. पान तिच्यापुढे धरतो—

जोव्हेलिन हे वाच. माळेला उत्तर देऊ नकोस. मी शिकवलेलं विसर. बाळाला घेऊन पळ. वाटेत थांब. कुठेही थां—

बघत नाही वहीकडे. पडद्याकडे बघते आहे. प्रार्थना चालू आहे ना— मीच सांगितलं होतं, प्रार्थना चालू असताना मध्ये बोलू नये—

गुडघे टेकले तिने. मायुमी मांडीवर. कपाळावर क्रूस केला. नको पोरी— तिचे ओठ

"पवित्र मरिये, देवमा