गाडी माझ्या नावावर झाली

४ मे २०२५, अल मनखूल

आले बाई एकदाची आखातात! विमानतळावर शालिनी, श्रीनाथभाऊजी आणि त्यांची सात वर्षांची शर्वाणी, तिघंही घ्यायला हजर. शालिनीने मिठी मारली ती सोडेचना. सांगलीच्या हॉस्टेलातली माझी रूममेट आता इथल्या देऱ्याच्या बाजारात मसाल्याचं ऑफिस चालवते, पण बडबड तीच. हमरिया फ्री झोनमधल्या तेलाच्या फॅक्टरीत क्वालिटी मॅनेजरची जागा, व्हिसा, त्यांच्याच बिल्डिंगमधली ही खोली, सगळं तिने जुळवलं. मी नुसता सीव्ही पाठवला, आणि तोही तिने महिनाभर मागे लागून घेतला. एवढं कोण कोणासाठी करतं?

त्यांच्या हॉलमध्ये रुपेशचा फोटो आहे, हार घातलेला. भाऊजींचा धाकटा भाऊ. मागच्या जुलैत इथेच हार्ट अटॅकने गेला. शालिनीचं भाऊजींशी ठरलं तेव्हा आम्ही कॉलेजातच होतो; रविवारी तो आम्हा दोघींना जीपमधून दंडोबाच्या डोंगरावर न्यायचा. त्याला मी आवडायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रीतसर स्थळही आलं होतं. मी नाही म्हटलं, आणि त्याने ते हसून सोडून दिलं. इतका साधा माणूस. फोटोकडे फार वेळ बघवलं नाही.

२१ सप्टेंबर

पास झाले! तिसऱ्या खेपेला का होईना, लायसन्स हातात आलं. शालिनीने पहिल्याच आठवड्यात क्लास लावायला लावला होता. इथे गाडीशिवाय बाईचं काही खरं नाही म्हणे.

आता डोक्यात एकच. लिवाचं वाळवंट. ऑफिसात मेंटेनन्सला राहिल म्हणून आहे, खेडचा. सुट्टीच्या दिवशी एक ग्रुप घेऊन वाळूत गाड्या चालवतो. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले आणि मी वेडीच झाले. नॅशनल डेच्या मोठ्या वीकेंडला त्यांचा ग्रुप जाणार आहे. त्याने बजावलं: फोर बाय फोर हवी, जुनी चालेल पण इंजिन धडधाकट हवं, आणि त्याआधी एकदा बदायरच्या लाल वाळूत प्रॅक्टिस केलीच पाहिजे.

११ ऑक्टोबर

दिवसभर जुन्या गाड्यांच्या बाजारात. भाऊजी आणि शालिनी बरोबर होते. एक चकचकीत करडी गाडी मला फार आवडली. साठ हजार दिरहॅम, म्हणजे जवळजवळ साडेचौदा लाख रुपये! भाऊजींनी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. टोकाला चिखलाची रेघ. मागच्या वर्षीच्या पुरात बुडालेली गाडी. दुसरीच्या खाली टॉर्च मारला तर चासी वेल्डिंग केलेली. तिसऱ्या गाडीचा फोर व्हील ड्राइव्हचा गिअरच पडेना.

मी हिरमुसले. परतताना भाऊजी म्हणाले, बाहेर कशाला शोधतेस, आमची घेऊन जा. बेसमेंटमध्ये कव्हर घालून वर्षभर उभी आहे. पांढरी पजेरो, एकही अपघात नाही. पैसे सावकाश दे. पण नावावर मात्र लगेच करून घे.

शालिनी खिडकीबाहेर बघत होती.

१८ ऑक्टोबर

गाडी माझी! पासिंग झालं, मुल्किया, म्हणजे इथलं गाडीचं कार्ड, माझ्या नावावर आलं. शालिनीने हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. दोन फटके हुकले, तिसऱ्या फटक्याला फुटला.

मी म्हटलं, चला, पहिली चक्कर तुम्हाला घेऊन. दोघं टॅक्सीने गेले. जायचं होतं त्याच बिल्डिंगमध्ये! भाऊजींनी निघताना गाडीच्या टपावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. नमस्कार केला असेल.

२ नोव्हेंबर

तयारी जोरात. राहिलने शारजात ओळखीच्या गॅरेजला गाडी दाखवली. वाळूचे नवे टायर, हवा भरायचा कंप्रेसर, फावडं, ओढायचा पट्टा, चाकाखाली घालायच्या फळ्या, टेकडीपलीकडून दिसावा म्हणून लांब काठीचा नारिंगी झेंडा, वायरलेस. पाण्याचे दोन मोठे कॅन. मी लग्नाचं रुखवत मांडावं तशी डिकी लावली.

एकच कटकट. शेजारच्या सीटचा बेल्टचा इशारा वाजतो. टिंग टिंग टिंग, सीट रिकामी असताना. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला. राहिल म्हणाला, तो फक्त माणसाच्या वजनाला वाजतो मॅडम, यावर काही ठेवलं होतं का?

नव्हतं.

९ नोव्हेंबर

परत वाजतोय. शिवाय शेजारची सीट सकाळी पार मागे सरकलेली असते, उंच माणसाला लागते तशी. पायाशी वाळू. काल व्हॅक्यूम केलं, आज पुन्हा मूठभर. गाडी अजून वाळवंटात गेलेलीच नाही.

आणि पाण्याच्या बाटल्या. दारातल्या खणात सहा ठेवल्या होत्या. सहाही रिकाम्या, पिळून टाकल्यासारख्या. झाकणांची सीलं शाबूत.

शालिनीला सांगितलं. ती म्हणाली गरमीने होतं. तिने शर्वाणीला पटकन आत पाठवलं.

१५ नोव्हेंबर, बदायर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी प्रॅक्टिस. टायरमधली हवा कमी केली, वाळूवर गाडी लोण्यासारखी सरकायला लागली. मी खूश होते. राहिल टेकडीच्या माथ्यावर उभा राहून एकेका गाडीला वर घेत होता. माझी पाळी आली. वायरलेसवर त्याचा आवाज:

"मॅडम, शेजारी बसलेत त्यांना बेल्ट लावायला सांगा."

मी हसले. माझ्या शेजारी कोणी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, "बस्स, खलास. सगळ्यांनी परत फिरा."

खाली आल्यावर त्याने माझ्या गाडीकडे पाहिलंच नाही. उंच माणूस, तपकिरी चेकचा शर्ट, ओठ फुटलेले, इतकंच म्हणाला. मॅडम, ही गाडी देऊन टाका.

तपकिरी चेकचा शर्ट. हॉलमधल्या फोटोत रुपेशच्या अंगावर तोच आहे.

१६ नोव्हेंबर

शालिनीच्या ऑफिसात गेले. दार लावून घेतलं आणि विचारलं. ती आधी चिडली, मग रडली, मग सगळं बोलली.

हार्ट अटॅक नव्हताच. मागच्या वर्षी जुलैत दोघे भाऊ याच गाडीने लिवाकडे, हमीमच्या पुढे वाळूत गेले. गाडी रुतली. भाऊजींनी असलेलं सगळं पाणी घेतलं, मदत आणतो म्हणून चालत निघाले. त्यांना रस्ता सापडला. तिथे सांगितलं, भाऊ माझ्याआधीच दुसरीकडे चालत गेला. पोलीस दुसरीकडे शोधत राहिले. रुपेश गाडीतच होता, शेजारच्या सीटवर. थांब म्हटलं म्हणून थांबलेला.

असं का सांगितलं, ते तिलाही माहीत नाही. पाणी नेल्याचं कोणाला कळू नये म्हणून असेल, म्हणाली.

तेव्हापासून तो गाडीबरोबर येतो. घरातही. परक्यांना विकून पाहिली, तो मुल्कियाबरोबर जाईना, यांच्याच घरी राहिला. गाडीही दोनदा परत आली. मग तिच्या मनात आलं की ओळखीच्या माणसाबरोबर जाईल. आवडत्या माणसाबरोबर.

मी विचारलं, म्हणून मला बोलावलंस?

"तुला तो कधी नाही म्हणायचाच नाही," ती म्हणाली. "उर्मे, मला लेक आहे गं."

नोकरी. व्हिसा. ती विमानतळावरची मिठी.

२३ नोव्हेंबर

गाडीत पाऊल टाकलेलं नाही. उपयोग नाही. माझ्या खोलीत भरून ठेवलेला तांब्या रिकामा होतो. भरदुपारी. माझ्या डोळ्यांसमोर पाण्याची पातळी खाली जाते.

तो काही करत नाही. नुसता तहानलेला आहे.

२८ नोव्हेंबर

भाऊजी आले, पाया पडायला वाकले. म्हणाले चूक झाली, गाडी परत माझ्या नावावर घेतो. फक्त एकदा तिथे जाऊ, त्याला पाणी दाखवू, दहीभात ठेवू, मी त्याची माफी मागतो. पण तो तुझ्या गाडीबरोबरच येईल, तेव्हा तू हवीस. बरोबर आलेली शालिनी म्हणाली, आम्ही सगळे येतो, शर्वाणीसुद्धा. मुलीला घेऊन कोणी दगा देईल का?

हो म्हटलं. रुपेशसाठी. आणि खरं सांगायचं तर शालिनीसाठीही. अजून.

३० नोव्हेंबर

हमीमच्या पुढे आलो. त्यांची भाड्याने घेतलेली फोर बाय फोर पुढे, मी मागे. शेजारचा इशारा सारखा वाजतोय. मी बेल्ट ओढून रिकाम्या सीटवर लावला. थांबला.

वाळू मऊ लागल्यावर भाऊजी म्हणाले तुझ्या गाडीचं वजन कमी करू. कॅन, फावडं, फळ्या, वायरलेस त्यांच्या डिकीत हलवलं. बरोबरच आहे, राहिलही वजन कमी करा म्हणतो.

हीच ती जागा म्हणाले. दोन उंच टेकड्यांच्या मध्ये. दहीभात ठेवला. तांब्यातलं पाणी ओतलं. वाळूने ते पिऊन टाकलं. भाऊजींनी हात जोडले. मग म्हणाले, किल्ली दे, तुझी गाडी घट्ट जागेवर लावतो.

दिली.

दुपार

गेले.

किल्ली घेऊन आपल्याच गाडीत बसले आणि गेले. मी धावले. ओरडले. शालिनीने काच अर्धी खाली केली. मला वाटलं थांबतील. "त्याला सोबत हवी होती गं," म्हणाली. काच वर.

मोबाइलला रेंज नाही. पाणी त्यांच्याकडे. वारा सुटलाय. त्यांच्या चाकांच्या खुणा भरून चालल्यात—

ऊन. गाडीच्या सावलीत बसलेय. राहिलला काही सांगितलं नव्हतं. शालिनीने शपथ घातली होती म्हणून. तिची शपथ पाळली मी, तिची—

आत बेल्ट सुटल्याचा आवाज आला.

शेजारचं दार उघडलं.

तो उतरलाय. माझ्यासमोर उकिडवा बसलाय. तोंडाकडे बघवत नाही पण डोळे त्याचेच. मला वाटलं आता संपलं. तो माझ्याकडे पाणी मागत नाही. हातही लावत नाही. खुणा पुसल्यात ना, त्याला वाट कळत नाही. एवढंच विचारतोय. ते कुठल्या बाजूला गेले—

सांगितलं.

बोट दाखवलं. मनापासून. जा म्हटलं. तो उठला, त्या टेकडीवर चढला, वाऱ्यासारखा, आणि पलीकडे—

देवा. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर शर्वाणी आहे. रुपेश थांब, रुपेश, ती पोर आहे त्यांच्यात, तिला काही—