तुरीवरचे पाय

माय, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं आहे. आधी टोकाशी एक पांढुरका डाग होता, ठेच लागली असेल असं मी समजले. वर्षभरात नख जाड झालं, कडेने भुगा पडू लागला, आणि एकदा कापताना ते खालच्या कातडीपासून सुटलेलं दिसलं. दुखत नव्हतं म्हणून मी ते चालू दिलं. इथे नांदेडला त्वचेची एक डॉक्टर आहे, माझ्या लेकीच्या वयाची. तिने नखाचे तुकडे कापून तपासायला पाठवले. म्हणाली, पिवळं दिसणारं प्रत्येक नख बुरशीचंच असतं असं नाही, आधी खात्री करू. खात्री झाली. मग गोळ्या सुरू झाल्या. त्या काही महिने घ्यायच्या, मधे रक्त तपासायचं, कारण क्वचित यकृताला त्रास होतो. तिने मला मधुमेहाचं विचारलं. घरात आणखी कुणाला असं होतं का, तेही विचारलं. मी म्हणाले, आईला होतं. तिने लिहून घेतलं आणि विचारलं, त्यांनी काय उपचार केले? मला एक मलम तेवढं आठवलं. तेव्हापासून मी ते दिवस ओळीने लावायला बसते आणि ते लागत नाहीत.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. शाळेच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहिलं होतं, पण खालचं जुनं दिसत राहायचं. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी आला नव्हता. गावात काम उरलं नाही. बाबा ऊसतोडीला गेले आणि आपण दोघी लातूर शहरात आलो. तू डाळमिलमध्ये लागलीस. मी तुला तिथे अजून बघते. साल सुटावी म्हणून तुरीला तेल-पाणी लावून ढीग मारलेला असतो. तो सकाळी उन्हात वाळायला फरशीवर पसरतात. बायका रांगेने त्यातून पाय ओढत चालतात, म्हणजे खालची ओली तूर वर येते. फरशीवर यायच्या आधी दर वेळी पाय धुवायचे, असा नियम आहे. मिलच्या बोअरला पाणी आहे. सगळ्याजणी एकाच सिमेंटच्या टाक्यात पाय बुडवतात आणि ओल्या पायांनीच ओल्या तुरीवर येतात. चप्पल बाहेर राहते. अन्नावर चप्पल चालत नाही, पाय चालतो. कोपऱ्यात तूर ओढायचं एक लाकडी दंताळं आहे, पण मालकाच्या मते त्याने दाणा फुटतो, म्हणून ते नुसतं भिंतीला टेकलेलं असतं. आपल्या वस्तीत दोन घागरींसाठी बायका हातघाईवर येत होत्या आणि तुझे पाय दिवसातून चार वेळा धुतले जात होते. तुला त्याचा अभिमान होता. त्याच पाण्याने ते झालं असेल, हे मला आत्ता, डॉक्टरसमोर बसल्यावर कळलं.

नख आधी पिवळं झालं की शाळेत नर्सबाई आधी आली, हे मला नक्की आठवत नाही. तिने आम्हाला ओट्यावर बसवून पाय पुढे करायला लावले. नखं सरळ कापा, कडेला खोल जाऊ नका, बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करा, एकीचं ब्लेड दुसरीने वापरू नका, ओल्या प्लास्टिकच्या चपलांत दिवसभर राहू नका. मी घरी येऊन तुला सगळं पाठ म्हणून दाखवलं. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “त्या बाईला म्हनावं, एक दिवस ये तुरीवर. मंग सांग मला कोरडं ऱ्हायचं.” त्या दिवशीही आपण दोघींनी एकाच ब्लेडने नखं कापली.

तुझं नख पहिल्यांदा अक्काने पाहिलं. फरशीवर ती तुझ्या शेजारून चालायची. उदगीरकडची, निम्मं बोलणं कानडी, तुझ्यापेक्षा मोठी. वस्तीतल्या बायकांनी चुना-हळद सांगितली, करंजाचं तेल सांगितलं. त्यांना तू ठेच लागली म्हणून सांगितलं होतंस. खरं काय ते फक्त अक्काला माहीत होतं. मुकादमीण रोज पाय बघायची आणि ज्या बाईच्या पायाला काही झालेलं असेल तिला परत पाठवायची. म्हणून अक्काने तिच्या लेकीच्या लग्नातली लाल नेलपॉलिशची शिशी तुला आणून दिली. एकच नख रंगवलं तर दिसेल, म्हणून मी तुझी दहाही नखं रंगवली. तू लाजून भिंतीकडे बघत होतीस. मुकादमीण म्हणाली म्हणे, “काय गं, नवरा गेला तोडीला न तू कुनासाठी नटून राहिली?” सगळ्या हसल्या. तूही हसलीस आणि फरशीवर गेलीस. रंगाखाली नख आणखी जाड होत गेलं, दर आठवड्याला मी त्यावर नवा थर द्यायचे.

मग मी ते केलं. तुला उशीर झाला होता, जेवण घरी राहिलं होतं, मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन मिलवर आले. दारात मुकादमीण बसली होती. मी तिला सांगितलं, माझ्या मायचं नख लई खराब झालंय, तिला ते दंताळं द्या. मला खरंच वाटलं होतं की ती उठेल आणि तुला दंताळं देईल. तिने माझ्याकडे बघितलं, डबा ठेवून घेतला आणि शाळेत जा म्हणाली. संध्याकाळी तू माझ्या आधी घरी होतीस. तिने दगडाने रंग खरवडायला लावला, तू सांगत होतीस. लोक खातात ती डाळ, उद्यापासून येऊ नको, म्हणाली. तुझा अंगठा सोललेला होता. मीच सांगितलं, हे मी बोलणार होते. पण तू आधीच ठरवून बसली होतीस. म्हणालीस, “शिशीबी अक्कानंच दिली न चुगलीबी तिनंच केली.”

दुसऱ्या दिवशी तू मला ती शिशी परत द्यायला पाठवलंस. अक्काला काही समजलं नाही. ती म्हणाली, झाकण नीट लावलं नाहीस, वाळून जाईल. मग विचारलं, माय रुसली काय गं? मी म्हणाले, माहीत नाही. त्यानंतर तू तिच्याशी बोलली नाहीस. ती दोनदा दारात येऊन उभी राहिली, तू आतून भांडी घासत राहिलीस.

पुढे तू बांधकामावर गेलीस. पाय कोरडे राहिले तरी नख बरं झालं नाही, आणि मला तेव्हा वाटलं, म्हणजे मिलचा दोष नव्हताच. डॉक्टर म्हणते, एकदा शिरलं की आपोआप जात नाही, बुडातून चांगलं नख वाढून खराब भाग कापला जाईपर्यंत औषध चालू ठेवायचं. तुला सरकारी दवाखान्यातून मलम मिळालं होतं. वरून जरा बरं दिसल्यावर तू ते थांबवलंस. तू गेलीस तेव्हा तुला आंघोळ घालताना मी ते नख पाहिलं. अक्का आली होती, पण आत आली नाही.

मागच्या महिन्यात मी लातूरला गेले, तिला सांगायचं म्हणून. ती आता नीट चालत नाही. मला ओळखायला वेळ लागला, मग हात धरून बसवलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “तुझ्या मायच्या नखाचं कुनी सांगितलं, ह्याचा मी लई इचार केला बघ. मीच कुठंतरी बोलून गेले असंन. मला तवा तोंडाला लगाम नव्हता.” तिचे डोळे कोरडे होते. ती वाट बघत होती, मी नाही म्हणावं म्हणून, किंवा मी हो म्हणावं म्हणून. कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही.

मी म्हणाले, “असंल, अक्का.”

हे तिलाच लिहायला हवं होतं. पण तिला वाचता येत नाही, तिची सून वाचून दाखवेल, म्हणून तुला लिहिलं. वाचता तर तुलाही येत नव्हतं. लिहायला बसताना ते मला माहीत होतं.