तीन मिनिटांत मामा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (या वेळचा साष्टांग नुसता लिहिण्यापुरता नाही. खोलीतल्या फरशीवर पालथा पडूनच लिहितोय, कारण खुर्चीवर ताठ बसायची माझी लायकी नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? माझी तब्येत ठणठणीत आहे आणि त्याचीही मला लाजच वाटते. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला नीट, म्हणजे मला नीट बोलता येत नाही.

मामा, त्या दिवशी स्पर्धेत मी जे बोललो त्याबद्दल हे पत्र आहे. स्पर्धा कसली ते तुम्हाला ठाऊक आहेच: चार-चार वर्षं संशोधनात घासलेल्या आम्हा विद्यार्थ्यांनी आपलं काम साध्या माणसांना कळेल असं तीन मिनिटांत सांगायचं. पडद्यावर चित्र एकच, हातात कागद नाही, तीन मिनिटं झाली की घंटा. (माझ्या आधीच्या बटाट्याच्या रोगवाल्याने मान्यवरांचे आभार मानण्यातच अडीच मिनिटं घालवली आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात 'बटाटे सडतात' एवढंच सांगून खाली उतरला. टाळ्या कडकडून पडल्या. मीही तसंच करायला हवं होतं.) माझा विषय म्हणजे ऐकायला कमी येणारी माणसं चारचौघांत काय करतात. ती कबूल करत नाहीत. दुसऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून मान हलवतात, आणि सगळे हसले की साधारण पाऊण सेकंद उशिरा हसतात. हा पाऊण सेकंद मी चार वर्षं मोजतोय. घरी कोणी विचारलं तर 'कानांवर काम करतो' एवढंच सांगत आलो, ते का ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

सरावाच्या वेळी आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आकडे कोणी ऐकत नाही, माणूस सांग. घरचं कोणी नाही का? आणि माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. मी स्पर्धेत तुमच्याबद्दलच सांगून टाकलं. म्हणजे 'माझे एक नातेवाईक, शिंपी आहेत' असं म्हटलं, पण अंगात तुम्ही त्याच आठवड्यात शिवून दिलेला कोट असताना त्या पडद्याआड कोण लपणार? आधी पाऊण सेकंदाचा नियम समजावला. मग तो किस्सा: शिक्षिकाबाई दुकानात पडद्यांची मापं घेऊन आल्या, म्हणाल्या, सासूबाई न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि तुम्ही शिलाई यंत्र न थांबवता हसून म्हणालात, "वा, फारच छान झालं. असंच होत राहो." (बाईंनी राग धरला नाही, उलट आणखी दोन पडदे टाकले, हे मात्र मी सांगितलं नाही. वेळ नव्हता.)

सभागृहात हशा फुटला. मी खूश होऊन समोर बघतो तर पहिल्या रांगेच्या कडेला तुम्ही, माझ्याकडेच बघत. तुमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. माझी दातखीळच बसली. पुढचं वाक्य गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. हशा विरला, कोणीतरी खोकलं, आणि त्या शांततेत तुम्ही एकटे मोठ्याने हसलात. चार वर्षांच्या मोजमापात इतका उशीर मी कोणाचा पाहिला नव्हता. आणि ज्या दोनशे लोकांना उशिरा हसणारा माणूस कसा ओळखायचा हे मीच नुकतं शिकवलं होतं, ते सगळे वळून तुमच्याकडे बघू लागले. मग तेही पुन्हा हसले, त्या गोंधळात मला माझं वाक्य सापडलं, आणि प्रेक्षकपसंतीचं बक्षीस मला मिळालं. बाहेर तुम्ही पाठ थोपटून म्हणालात, "झकास बोललास." मी मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मामींकडून कळलं की आता गिऱ्हाइकं दुकानात येऊन तुमच्याशी ओरडून बोलतात, एकाने तर बाहीची लांबी पुठ्ठ्यावर ठळक लिहून आणली, आणि दोन दिवस तुम्ही दुकानच उघडलं नाही. तीस वर्षांत तुम्ही तापातसुद्धा दुकान बंद ठेवलं नव्हतं. मामा, मी चुकलो. फार वाईट चुकलो. दर रविवारी ज्याच्या ताटात जेवलो त्यालाच चव्हाट्यावर मांडलं. मला क्षमा करा, आणि करवत नसेल तर निदान दुकान उघडा.

तुमचा नालायक भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच: गुरुवारी अकरा वाजता आमच्या विभागात तुमच्या कानांच्या तपासणीची वेळ ठरवली आहे. नक्की या. अंतिम फेरीतही हाच किस्सा सांग, असं मार्गदर्शक बाई म्हणत होत्या. मी नाही म्हटलं. (आधी 'बघतो' म्हटलं, मग नाही म्हटलं. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू?)

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामींचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, ते सभागृहात मुद्दाम भोंग्याखालची खुर्ची धरून बसले होते. शब्दन् शब्द ऐकला त्यांनी. घरी येऊन मला सगळं म्हणून दाखवलं." मग इतक्या उशिरा का हसले, असं मी विचारलं. मामी म्हणाल्या, "तू तोंड उघडं टाकून उभा राहिलास ना! कोणीतरी हसून सोडवायला नको का पोराला?" (माझ्या प्रबंधात उशिरा हसलेल्या दोनशे बारा माणसांची नोंद आहे. त्यातल्या किती जणांनी सगळं ऐकलं होतं कोण जाणे. बाईंना हे कळवलेलं नाही.) दुकान का बंद ठेवलं, हेही विचारलं. लोक ओरडतात म्हणून नाही म्हणे. तुम्ही मामींना एवढंच म्हणालात की, पोरगं चार वर्षं घरी जेवायला येतं, दोनशे परक्यांना माझ्याबद्दल सांगितलं, मला एकदाही काही विचारलं नाही.

गुरुवारची वेळ मी रद्द करतोय. रविवारी येतो, पण तोवर धीर निघत नाही म्हणून इथेच विचारतो. मामा, ऐकायला किती त्रास होतो हो तुम्हाला?