दाव्यातली पाऊलवाट

१२ जानेवारी

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि., तुझ्या वकिलांकडून कळले, की वडिलांच्या जमिनीवरचा हट्ट सोडून विहिरीची बाजू तू मला द्यायला तयार आहेस. डोळे भरून आले. तरीही कृपा करून तसे करू नकोस.

कारण नीट समजावून सांगते. निवृत्त झाले, तरी विज्ञानाची शिक्षिका आहे. आपल्या जमिनीच्या एका अंगाला डोंगरावरचे जंगल, दुसऱ्या अंगाला नदीकाठचे. आजूबाजूला गोदामे झाली, कुंपणे झाली. आपण बहीणभाऊ मात्र इतकी वर्षे भांडत राहिलो आणि न्यायालयाच्या ‘जैसे थे’ आदेशामुळे तिथे कोणालाच नांगर घालता आला नाही की खांब रोवता आला नाही. झुडपे माजली. त्यांच्या आडोशाने हरणे, रानडुकरे आणि बिबट्याची एक मादीसुद्धा या जंगलातून त्या जंगलात ये-जा करू लागली. ही वाट तुटली, तर दोन्हीकडचे प्राणी आपापल्या जंगलात कोंडले जातील. आणि एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत राहिल्या, की कशी संतती निपजते, हे मी तुला आठवीत शिकवले आहे. आपण समेट केला, की आदेश उठेल, वाटणी होईल, कुंपण येईल. तेव्हा आणखी थोडे हटून बस. लहानपणी त्यासाठी तुला विनंती करावी लागत नसे.

लोभ राहू दे. फक्त न्यायालयात तो दिसू देऊ नकोस.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

इतक्या वर्षांनी मोठ्या मनाने माघार घेतली, तर तू ती परत पाठवलीस! हिला पत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, की आजवर तुम्ही दोघे विनाकारण भांडलात. निदान आता कारण तरी सापडले.

थट्टा पुरे. माझ्या चष्म्याच्या दुकानाचा मालक जागा विकायला निघाला आहे. मी घेतली नाही, तर बाडबिस्तरा गुंडाळावा लागेल. शेजारचा गोदामवाला माझा हिस्सा आजही घ्यायला तयार आहे. समेट झाला, की दुकान वाचते. शिवाय मागच्या तारखेला तू काठी टेकत आलीस. गुडघ्याला काय झाले, हे विचारायला उठलो, तर वकिलांनी बाही धरून खाली बसवले. हेही तुझ्या हरणांना कळव.

आशीर्वाद असावेत, उलटतपासणीतही असावेत.

तुझा गुंड्या

२० फेब्रुवारी

चि. गुंड्यास आशीर्वाद.

वि. वि., गुडघ्याची झीज आहे. तिच्यावर ‘जैसे थे’ आदेश मिळत नाही.

मी पुन्हा विचार केला. भांडण हे संवर्धनाचे टिकाऊ साधन नव्हे. आपल्यामागे ते चालवायचे कोणी? आपली मुले तर एकमेकांशी कमालीच्या गोडीने वागतात. पहिल्याच आठवड्यात समेट करून मोकळी होतील. वाढवण्यात आपलेच कुठेतरी चुकले.

म्हणून दुसरा उपाय शोधला. इथल्या भूसंवर्धन संस्थेशी करार करता येतो. जमीन न वाटता दोघांच्या नावावर राहील. तिच्यावर नांगर, कुंपण, बांधकाम कायमचे बंद, आणि पुढचे वारस किंवा खरेदीदारही त्याला बांधलेले. वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी असे करार केलेही आहेत. मधला दुवा तेवढा आपला. मात्र त्यावर दोघांच्या सह्या लागतात, आणि त्यानंतर गोदामवाला तुझ्याकडे फिरकणार नाही. तुझे दुकान बुडवून माझी हरणे चालावीत, असे मी म्हणणार नाही. नको असेल, तर तसे कळव. मी दावा मागे घेईन आणि तू विकून मोकळा हो. या बाबतीत मी शिक्षिका नाही, असे समज. जमल्यास.

उत्तर काहीही आले, तरी माया तीच राहील.

तुझी ताई

१६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू आधीच केलेल्या सहीखाली काल माझी सही केली. गुडघ्यामुळे तुला येता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दोघांचे वकील एकाच बाकावर बसले होते. चेहरे असे, की जणू घरचे कोणी गेले. माझ्या वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, की बहिणीने दबाव तर आणला नाही ना? मी सांगितले, की पाढे पाठ करून घेतले तेव्हापासून आणतेच आहे. मग संस्थेच्या मोजणीदाराने नकाशावरची आपली वादाची हद्द खोडरबराने पुसून टाकली. चुरा उडवायला जेमतेम एक फुंकर पुरली. आपले अर्धे आयुष्य गेले. सवयीने मी हरकत घ्यायला तोंड उघडले, पण हरकत घेण्याजोगे काही उरलेच नव्हते.

दुकान समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत हलवतो आहे. जिना अंधारा आहे. येणाऱ्या निम्म्या लोकांना पायऱ्या दिसत नाहीत, आणि नेमकी तीच माझी गिऱ्हाइके. ही म्हणते, हरणांना ऐसपैस वाट आणि आपल्याला हा जिना! रागावली आहे, पण नवी पाटी तिनेच झाडूनपुसून लावली.

दावा निकाली निघाल्यामुळे आता तुला भेटण्यासाठी तारीख पडायची वाट पाहावी लागणार नाही. शनिवारी येतो. भांडायला एखादा विषय काढून ठेव. नुसते समोरासमोर बसायची आपल्याला सवय राहिलेली नाही.

तुझा गुंड्या