रोझाल्बाताईच्या तळघरातले बटाटे

मदावास्का, मेन
१२ नोव्हेंबर १९३७

तीर्थस्वरूप रोझाल्बाताईस लिओनेलचा दंडवत.

इकडे तुझ्या घरी आम्ही नवराबायको ठीक आहोत. तिकडे बाळ-बाळंतीण कशी आहेत? तू लेकीकडे निश्चिंत राहा. तळघरातल्या चाळीस पिंपांची काळजी करू नकोस. (तेहतीस पिंपांची तर मुळीच करू नकोस.)

झालं ते असं. बटाटे कोरडे ठेव, झरोका बोटभर उघडा ठेव, असं तू निघताना बजावलं होतंस. पण बियाण्याच्या बटाट्यांवर इतका चिखल होता, की मलाच तुझी लाज वाटली. मी ते घासून धुतले (साबण लावला नाही), ओलेच परत भरले आणि गारठतील म्हणून झरोका चिंध्यांनी गच्च बुजवला. पंधरा दिवसांनी खालून वास यायला लागला. उंदीर मेल्यासारखा नाही, त्याहून मोठं काहीतरी मेल्यासारखा. शिवाय टप्, टप् आवाज. भावोजींना जाऊन दोन वर्षं झाली, पण या बियाण्यात त्यांचा जीव किती होता ते तुला ठाऊकच आहे. मी आठवडाभर तळघराच्या दाराकडे पाठ करून जेवलो. (पाठ केली की जास्त भीती वाटते, हे तेव्हा कळलं.)

शेवटी शेजारच्या ओडिलोनदादांना बोलावलं. त्यांनी पेटता कंदील दोरीनं खाली सोडला. वारा नव्हता, तरी तिसऱ्या पायरीशी तो विझला. म्हणाले, "आत पाऊल टाकशील तर याद राख. बटाटे सडले की खालची हवा मरते. माणूस हाक मारायच्या आत आडवा होतो." मी वरच आडवा व्हायच्या बेतात होतो. दार, झरोका दिवसभर सताड उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशी कंदील तळाशी जळत राहिला, तेव्हा कमरेला दोरी बांधून उतरलो. अंधारात गार, ओलं काहीतरी हाताला लागलं आणि हाताबरोबर वर आलं. सात पिंपांची खीर झाली होती. उरलेला एकेक बटाटा हातात घेऊन निवडला, डागी काढले, बाकीचे कोरडे करून भरले. निम्मं बियाणं वाचलं.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
लिओनेल

ता. क. बटाटे धुवायला तूच सांगितलं होतंस, असं मी एडमीला सांगितलंय. तिला तसं दोन ओळींत कळव. पत्र खरं त्यासाठीच.

ता. क. वन्सं, मी एडमी. पत्रं टपालात टाकायला मीच जाते. दोरी माझ्या कमरेला होती. दुसरं टोक यांनी धरायचं होतं, ते कुंपणाच्या खांबाला बांधून हे ओडिलोनदादांकडे जाऊन बसले. खाली मला फार भीती वाटली. तेवढं मात्र यांना कळवू नका.