रूथ, यंदा अंगाकर मी भाजणार

प्रिय रूथ,

तांदूळ भिजत घातले बाई. अनरशाचे.

दरवर्षी हे तू मला सांगायचीस. धान घरात आलं, थंडी अंगाला बोचायला लागली, की एका सकाळी कुंपणावरून तुझी हाक यायची, "कौशल्ये, तांदूळ भिजवले वो!" मग मी समजायचे, बडा दिन आला, तुझा नाताळ. यंदा हाक नाही. मी उगाच कुंपणाजवळची जागा रोज झाडत राहिले. शेवटी स्वतःच तांदूळ धुतले, भिजवले, पाणी बदललं. पण बदललं हे सांगायचं कोणाला? म्हणून हे पत्र लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरचं, हे तुला ठाऊकच आहे. चुकलं-माकलं तर हसून घे.

पोळ्याच्या आधी तू गेलीस. त्यानंतर तुझं घर कसं झालं सांगू? शिवणयंत्रावर तू टाकलेलं फडकं तसंच आहे. भाऊजी सकाळी ओसरीत बसतात ते जेवायलाच उठतात. सगळा जन्म विजेच्या खांबावर चढण्यात गेला त्या माणसाचा, आता घरातला गेलेला दिवा बदलावासा वाटत नाही त्यांना.

आणि मग तुझ्या लेकीचा, एस्तेरचा, नागपूरहून फोन आला. "काकू, यंदा नाताळ नाही करायचा. बाबांना इकडे घेऊन येते. घर बंद करते."

घर बंद करते म्हणाली आणि माझा हातच थांबला. रूथ, गावात बंद झालेली घरं आपण दोघींनी पाहिली आहेत. आधी एका सणापुरती कडी लागते. मग कुलूप गंजतं, आणि म्हातारा माणूस लेकीच्या घरी पाहुणा होऊन राहतो. यंदा नाताळला तुझ्या दारात चांदणी लागली नाही, तर पुढं कधीच लागायची नाही, हे मला फोन कानाला असतानाच कळलं.

मी म्हटलं, "तू ये फक्त. सैपाक मी करतो."

"तुम्ही? नाताळचा?"

"काऊन? मले भात शिजवता येत नाही का?"

ती हसली. रडतही असेल, फोनवर काय कळतं?

तुझ्या नाताळाचं जेवण मला तोंडपाठ आहे, असं मला वाटत होतं. नव्या चिन्नोरचा भात, वांगं आणि पोपटीच्या शेंगांतल्या दाण्यांची भाजी, घट्ट खीर, अनरसे. आपल्या गल्लीला वर्षानुवर्षं तेच माहीत. पण सुरुवातीला असं कुठं होतं? तू लग्न होऊन राजनांदगावकडून इथं आलीस तेव्हा तुझ्या घरी कोणी जेवायला बसत नव्हतं. तू करंज्यांची ताटं घरोघर पाठवायचीस. लोक ताट घ्यायचे, आणि गल्लीतली पारबताबाई तर त्या करंज्या सरळ म्हशीपुढं ठेवायची. तुला ते माहीत होतं. मला तेव्हा भारी लाज वाटली होती. तू मात्र मशीनवर ब्लाऊज शिवता शिवता म्हणालीस, "पाहजो, पारबताबाईची म्हैस यंदा बम दूध देते. तूप घालून केल्या मी करंज्या."

जेवायचं विचारलं की बायांचं उत्तर ठरलेलं. "त्याइच्या चुलीवर मटन शिजते वो, कसं जेवाचं?"

मग तो गुरुवार आला. आठवतो ना? मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि तुझा बडा दिन एकाच दिवशी. तू हट्टानं साऱ्या गल्लीला दुपारचं आवतण देऊन मोकळी झालीस, आणि मी धावत आले. "रूथ, त्या दिवशी गुरुवार आहे वो. घरोघरी लक्ष्मीचा उपास. तुह्या घरी चिमणी बी येणार नाही जेवाले."

मला वाटलं तुझं तोंड उतरेल. तू सुईत दोरा ओवून घेतलास आणि म्हणालीस, "मंग संध्याकाळी ठेवू. तुमची पूजा होऊ द्या, निवद दाखवा आन् उपास माह्या घरी सोडा. मटन नाही, कांदा नाही, लसूण नाही. आन् तुह्या घरचा मोठा गंज दे मले. तुह्या गंजात शिजलं तर कोणाले काय बोलाचं काम?"

आपला सण कोणी दुसऱ्याच्या उपासासाठी पुढं ढकलतं का गं? तू ढकललास. त्या संध्याकाळी गल्लीतल्या बाया हातात हळदीकुंकवाचे करंडे घेऊन तशाच तुझ्या अंगणात आल्या. दारात कागदाची लाल चांदणी, तिच्यात भाऊजींनी बल्ब लावलेला. पारबताबाईनं सवयीनं तुझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग जीभ चावली. तू म्हणालीस, "राहू दे वो, बडा दिन आहे. शोभून दिसते."

पहिल्यांदा पंगत बसली. पारबताबाईनं दोनदा भात मागितला. तेव्हापासून दरवर्षी पंगत, आणि दरवर्षी तेच जेवण. माझा गंज तुझ्या घरी राहिला तो राहिलाच. मीही परत मागितला नाही.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी एवढं लिहिते आहे.

परवा रविवारी एस्तेर आली. काय करायचं ते ठरवायला आम्ही तुझ्या ओसरीत पोपटीच्या शेंगा सोलत बसलो. ती म्हणे, "आईसारखंच करू काकू, काही बदलायचं नाही." मीही तेच म्हणत होते. भाऊजी भिंतीला टेकून ऐकत होते. एकदम म्हणाले, "वहिनी, अंगाकर होईल का?"

एस्तेरनं डोळे मोठे केले. "बाबा, ते राहू द्या."

"राहू कायले द्या?" मी विचारलं. "अंगाकर म्हणजे तांदळाच्या पिठाची ते जाड रोटी ना? पळसाच्या पानात घालून निखाऱ्यावर भाजतात ते? त्यात काय कठीण आहे?"

मग एस्तेर हळूच म्हणाली, "आईच्या माहेरी नाताळ म्हणजे मटण आणि अंगाकर, काकू. आजी करायची. आईही करायची, मी लहान होते तोवर. मग त्या गुरुवारच्या वर्षापासून पंचवीस तारखेला आमच्याकडं मटण शिजलं नाही. मी हट्ट करायचे, दुसऱ्या दिवशी तरी कर. तर म्हणायची, नाताळ काल झाला."

मी म्हटलं, मटणाचं समजलं, पण अंगाकर तर निव्वळ तांदूळ. ती काऊन सोडली?

भाऊजी म्हणाले, "मी बी तेच इचारलं होतं. रूथ म्हणे, अंगाकर पुढे आली का तोंडाले मटन आठवते. मंग ताटात मन लागत नाही. दोन्ही नाही तर एकबी नाही."

रूथ, तू मला एवढ्या वर्षांत हे कधी सांगितलं नाहीस. तुझ्या लेकराच्या तोंडची चव तू सोडून दिलीस, आणि मी तुझ्या पंगतीत बसून "बाई, खीर जरा गोड कमी झाली" म्हणत राहिले.

यंदा मटण आणि अंगाकर दोन्ही करायचं ठरवलं आणि मी तिथूनच उठून पारबताबाईकडं गेले. ती आता वाकली आहे, पण जीभ ताठ आहे. मला वाटलं, मटण शिजणार म्हटलं तर हीच पहिली मोडता घालील, मग गल्ली येणार नाही, आणि एस्तेर म्हणेल, पाहिलं ना काकू? म्हणून आधीच विचारून घेतलेलं बरं.

मी म्हटलं, "मावशी, यंदा रूथच्या घरी मटन बी करू म्हणतो. तुमी याल का जेवाले?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी बावळट. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माह्या घरी काय शिजते? तुले वास येत नाही का?"

"पण तुमीच तर म्हणत होत्या..."

"ते तवाचं," म्हणाली आणि क्षणभर खाली पाहिलं. तेव्हा मटणाचं निमित्त होतं, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. मग म्हणाली, "एकदा जेवलो, मंग कायचं काय? त्या वर्षी गुरुवार होता. पुढच्या वर्षी कुठं गुरुवार होता? मी सोता इचारलं रूथले, काऊन वो, यंदा बी वांगंच का? ते म्हणे, कौशल्या बसते ना पंगतीत. तिच्या ताटाच्या बाजूले कसं ठेवू?"

मी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. साऱ्या गल्लीत माळ एकटीच्याच गळ्यात आहे, माझ्या.

म्हणजे ते गल्लीसाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं.

थोडी रागावलेच तुझ्यावर, खोटं कशाला लिहू? एकदा तरी विचारायचं होतंस. मी काय ताट सोडून उठून गेले असते? खरं सांगते, पहिल्या वर्षी कदाचित उठले असते. तू मला ओळखून होतीस. पण पुढं, एस्तेरच्या बाळंतपणात आपण दोघी एका चुलीपाशी दिवस काढत होतो तेव्हा? तेव्हा विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, कर बाई, माझं ताट मी पलीकडं घेते.

रागावून झालं, मग बसून विचार केला. मला कोणी कधी काय दिलं याचा. सासरनं दिलं, माहेरनं दिलं, लेकरांनीही दिलं, सगळ्यांनी सांगून दिलं. न सांगता देणारी तू एकटी. मी तुझ्या घरी पोटभर जेवत होते आणि मला वाटत होतं, हे सगळ्यांचं जेवण आहे. उपकार म्हणून तू ते कधी माझ्या ताटात वाढलंच नाहीस. याला काय म्हणायचं, मला शब्द येत नाही. किराण्याच्या पुडीवर कधी वाचला नाही.

मग काय, लागलो कामाला. पारबताबाई म्हणाली, "पळसाची पानं मी आणवतो. पण मले दातानं तुटन असं मटन वाढा." एस्तेर म्हणाली, मटणाचं ती पाहील, आजीची फोडणी तिला आठवते. अंगाकर कोण करणार? तिला येत नव्हती. भाऊजींना फक्त निखारा ठाऊक, तू थापायचीस आणि ते विस्तव सांभाळायचे. तेव्हा मी बाह्या वर केल्या.

काल करून पाहिली. तांदळाचं पीठ, त्यात थोडा शिळा भात कुस्करून, मीठ, कोमट पाणी. खाली पान, वर पान, गोवऱ्यांचा निखारा. भाऊजी बाजूला बसून सांगत होते, "आता वरून इंगळ टाका वहिनी... जास्त झाले... काढा काढा." एका अंगानं जळाली, मध्ये कच्ची राहिली. मी फेकायला निघाले तर त्यांनी हातातून घेतली, जळकं खरवडलं आणि खाल्ली. "रूथची बी पहिली अशीच जळे," म्हणाले. हे खरं आहे का गं? का माझं मन राखलं त्यांनी? तुम्ही दोघं नवरा-बायको एकाच वळणाचे.

आणि मग ते स्वतः उठले. माळ्यावरून चांदणी काढली, एक टोक फाटलं होतं तिथं कागद चिकटवला, वायर तपासली. दारात लावायला स्टुलावर चढले. मी स्टूल धरून उभी राहिले. बल्ब लागला तसा एस्तेर आतून बाहेर आली. कुलपाचं कोणी काही बोललं नाही. तिनं फक्त विचारलं, "काकू, त्या गंजात भात किती घालायचा?"

माझा गंज तुझ्याच घरी राहू दे. त्यात भात शिजेल. मटणासाठी एस्तेरनं तुझ्या आईचा जुना जर्मनचा गंज घासून ठेवला आहे.

बडा दिन यंदा कुठल्या वारी येतो ते मी पाहिलं. गुरुवार नाही. असता तरी तुझ्यासारखाच पुढं ढकलला असता, आधी उपास, मग जेवण.

आता एक वचन देते, रूथ. त्या दिवशी मी पलीकडं बसणार नाही. तुझ्या अंगणात, त्याच पंगतीत, भाऊजींच्या शेजारी माझं ताट असेल. त्यांच्या ताटात मटण, माझ्या ताटात वांगं. चांगली फुगलेली पहिली अंगाकर मी मधोमध मोडीन. अर्धी त्यांना, अर्धी मला. आणि मी आहे तोवर दरवर्षी, तांदूळ भिजवले की कुंपणावरून हाक मी मारीन. भाऊजी आतून "ओ" देतील.

तुझी,
कुंपणाच्या या बाजूची
कौशल्या