न आलेली हाक

ताई,

तुझा लेक नदीत बुडताना ओरडला आणि मी धावले, असं मी तुला सांगितलं होतं. मुलांना पोहायला शिकवताना इथल्या आयांनाही तीच गोष्ट सांगत आले. काल एकजण तलावाकडे पाठ करून फोन बघत होती. मी हटकलं, तर म्हणाली, "बुडायला लागला तर ओरडेलच की. तुम्हीच सांगता ना?" तिच्या मागे तिचा मुलगा निमूट पाण्याखाली चालला होता. त्याला वाचवलं.

आपला सोन्याही ओरडला नव्हता गं. मी पाठ करून केस विंचरत होते. वळले तेव्हा पाणी शांत होतं.

उद्या आयांना खरं सांगणार आहे. ते तुझ्या कानावर जाईलच. त्याआधी हे पत्र टाकावं, तर मन धजत नाही.

तुझी धाकटी